'शे.' की शेख?

वऱ्हाडातल्या मुसलमानाचे नाव कसे असते, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. बाप शेख, बेटा शेख. दोन्ही शेख मिळून एक पूर्ण नाव होते, आणि आडनावाचा रकाना रिकामाच राहतो. तलाठ्याच्या दप्तरात हा शेख 'शे.' होतो, रेशनकार्डावर 'सेख' होतो. अब्दुलचा 'अ.' होतो, सय्यदचा 'सै.', मोहम्मदचा 'मो.'. मुलीच्या नावापुढे परवीन, अंजुम, सदफ असे काहीतरी असते. ते एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. आईचे नाव माहेरचे वेगळे, सासरचे वेगळे, मतदार यादीतले तिसरेच. शंभर वर्षे यामुळे कुणाचे काही अडले नाही. मास्तर हजेरी घ्यायचे, पोरगे 'जी सर' म्हणायचे, आणि ते हजर आहे एवढे मास्तरांना पुरेसे होते.

आता पुरत नाही. आता मूल हजर आहे की नाही हे संगणक सांगतो.

आम्ही अकोला-अमरावतीकडच्या उर्दू शाळांतले शिक्षक आहोत. आमच्यातले कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, कुणी नगरपालिकेच्या, कुणी अनुदानित संस्थेत. खारपाणपट्ट्यातल्या गावांत शिकवतो, अचलपूर, बाळापूर, मूर्तिजापूरसारख्या जुन्या कसब्यांतही शिकवतो. आमच्या वर्गातल्या मुलांचे बाप हमाली करतात, केळीचे घड उतरवतात, गॅरेजात असतात, नाहीतर सुरत-भिवंडीला असतात. आया कापूस वेचायला जातात. हे लिहून दया मागायची नाही. शासनाच्या ज्या हिशेबात ही मुले मोजली जातात, किंवा मोजलीच जात नाहीत, त्या हिशेबाबद्दल बोलायचे आहे.

या हिशेबाचे नाव संचमान्यता. शाळेला किती शिक्षक मिळणार, हे दरवर्षी त्यातून ठरते. पूर्वी वर्गातला पट धरून ते ठरायचे. 2022-23 पासून पट धरला जाऊ लागला तो 'आधार वैध' विद्यार्थ्यांचा. म्हणजे शाळेच्या रजिस्टरातले नाव, जन्मतारीख आणि लिंग ही तिन्ही मुलाच्या आधारकार्डाशी जुळली पाहिजेत. जुळली तर मूल वैध. नाही जुळली तर अवैध. हा शब्द आमचा नाही, पडद्यावर तोच उमटतो. सात वर्षांचे पोर, तोंडाला खिचडीचा हळदीचा डाग, आणि त्याच्या नावापुढे अवैध!

आता वर सांगितलेली नावे आठवा. आधारकार्डावर नाव इंग्रजीत असते, आणि इंग्रजीत एकटा 'शेख' चार तऱ्हांनी लिहितात. कुठे ए-आय, कुठे ई-आय, कुठे नुसता ई, आणि कुठे एस-के एवढेच. आधार काढताना केंद्रावरच्या पोराने ऐकले तसे टंकले. शाळेत नाव घालताना अब्बांनी सांगितले तसे आम्ही लिहिले. दोघांचीही चूक नव्हती. दोन खऱ्या नावांत एक अक्षर कमी-जास्त आले, आणि मूल मोजणीतून निसटले. देशमुख-पाटलांच्या मुलांचे असे होत नाही असे नाही, पण त्यांना आडनाव असते, जन्मदाखला असतो, आणि दुरुस्तीला जायला मोटारसायकल असते. आमच्याप्रमाणेच मेळघाटातल्या कोरकू मुलांचे, पालावरच्या पारधी मुलांचे, वीटभट्टीवर हिंडणाऱ्यांच्या मुलांचे होते. ज्याचे घर कच्चे त्याचे कागद कच्चे. मग जी शाळा अशा मुलांनी भरलेली असते, तिचाच पट कागदावर सर्वांत जास्त घटतो आणि तिचाच शिक्षक जातो. ज्यांना शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याकडूनच तो काढून घेण्याची ही उफराटी रीत आहे. ती कुणी दुष्टपणे बसून रचली असे आम्हाला वाटत नाही. पण रीत उफराटी आहे हे दाखवूनही ती चालू ठेवली, तर तिला काय म्हणायचे?

एका शाळेचे सांगतो. गावाचे नाव घेत नाही. सहावी ते आठवीच्या तीन वर्गांत मिळून तेवीस मुले-मुली. आमच्यापैकी एकजण तिथे शिकवत होता. तेवीसच्या तेवीस आम्ही डोळ्यांनी पाहिलेली. त्यातली चार आधारवर जुळली नाहीत. दोघांच्या जन्मतारखेचा घोळ होता, एकीच्या नावापुढे 'परवीन' नव्हते, आणि एकाचा तो 'शे.' आडवा आला. राहिली एकोणीस. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या गटात पट विसाच्या आत असेल तर मंजूर शिक्षकांची संख्या ठरवली शून्य. एकही नाही. तेवीसला मिळायचे ते एकोणीसला मिळत नाही, आणि तेवीस व एकोणीस यांतला फरक म्हणजे एक टिंब आणि एक 'परवीन'.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात काय आहे, तेही पाहा. सहावी ते आठवीसाठी वर्गामागे किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणिताचा, सामाजिक शास्त्राचा आणि भाषेचा, असे किमान एकेक हवेत. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट अमुक इतका खाली गेला तर शिक्षक शून्य करा, असे कायद्यात कुठेही नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला हा कायदा संसदेचा आहे, आणि शासन निर्णय मंत्रालयातला. दोहोंत मोठे कोण, हे आम्ही आठवीच्या नागरिकशास्त्रात शिकवतो. ते शिकवायला तरी मास्तर ठेवा!

यावर अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: खोटे पट लावणारे तुम्हीच. हे उत्तर आम्ही झटकून टाकत नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली, आणि लाखो नावे केवळ कागदावरची निघाली. शाई लावून मुले मोजावी लागली. त्या पापात उर्दू शाळाही होत्या. आमच्या समाजातले काही संस्थाचालक इकडे कौमची खिदमत म्हणतात आणि तिकडे शिक्षणसेवकाच्या जागेसाठी बापाची जमीन विकायला लावतात. बी.एड. झालेल्या आमच्या पिढीने ती रक्कम कानांनी ऐकली आहे. या लोकांनी खोटी मुले दाखवली म्हणून आज खरी मुले पुसली जात आहेत. त्यांना एका शब्दानेही आम्ही वाचवणार नाही. पण लक्षात घ्या, 2011 मध्ये मोजले होते ते मुलांना. माणसे शाळेत गेली, बाकावर बसलेले डोके मोजले, बोटाला शाई लावली. खोटे पकडायची ती रीत बरोबर होती, कारण तीत खरे मूल सुटत नव्हते. आजच्या रीतीत ज्याला कागद नीट जमवता येतात ते खोटे मूलही तरून जाईल, आणि कागद नसलेले खरे मूल बुडेल.

सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी आधारच्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण हा त्याचा मूलभूत हक्क आहे, शासनाने दिलेली सवलत नव्हे, हे त्यामागचे तत्त्व. शासन यावर म्हणेल, आम्ही प्रवेश कुठे नाकारतो? खरे आहे. प्रवेश मिळतो, खिचडी मिळते, पुस्तकेही मिळतात. नाकारला जातो तो शिक्षक! दार उघडे ठेवायचे आणि आतला माणूस काढून घ्यायचा, याला प्रवेश म्हणत असाल तर म्हणा.

कधी दुरुस्तीची मुदत वाढते, कधी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष खात्री केली तर मूल धरू अशी सवलत मिळते. मिळते तेव्हा आम्ही हायसे होतो. पण ती सवलत असते, नियम नसतो. त्या वर्षी कुणी मागणी लावून धरली तर मिळते. आणि तोपर्यंत दुरुस्तीचे काम करायचे कुणी? आम्हीच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 म्हणते की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. मुलाच्या नावातला 'आय' शोधत बसणे बहुधा शैक्षणिक असावे. आता त्यात 'अपार' क्रमांकाची भर पडली. त्यालाही तेच नाव, तीच तारीख, तीच जुळणी लागते.

जून-जुलैत आमच्या शाळेत बापांची रांग लागते. एक हमाल बाप दिवसाची मजुरी सोडून तालुक्याला गेला, तर केंद्रावर यंत्र बंद. दुसऱ्या दिवशी गेला, तर त्यांनी जन्मदाखला मागितला. तिसऱ्या दिवशी तो शाळेत आला, आमच्या टेबलावर कागदांची पिशवी ठेवली आणि म्हणाला, "सर, तुम पढ़े-लिखे हो. मेरी बच्ची है ये, इतना लिख के देव ना. मैं बाप हूँ, बोलके।" आमच्याकडे तसे लिहून द्यायचा नमुना नव्हता.

जन्मदाखल्याची गोष्ट तर आणखी पुढे गेली आहे. गावात दाई असायची, बाळंतपण घरी व्हायचे, एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची असते हे कुणाला माहीत नसायचे. दाखल्याशिवाय पोर मोठे व्हायचे आणि अडायचेही नाही. मग जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळ्यालाच जन्मदाखला लागेल असे ठरले. सगळीकडे दाखल्याची चर्चा झाली, तसे लोक जागे झाले आणि तहसिलीत उशिराच्या नोंदणीसाठी अर्ज पडू लागले. गरीब माणूस शासन सांगते तसे वागला, एवढाच याचा अर्थ. पण जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने उशिराच्या नोंदणीचे काम थांबवले आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमले. बांगलादेशी लोक दाखले घेत आहेत असा आरोप होता, आणि मालेगावबरोबर अकोला-अमरावतीचीही नावे वर्तमानपत्रांत रोज येत होती. कुणी लबाडीने दाखला घेतला असेल तर त्याला पकडा, आमची हरकत नाही. पण ज्या बापाचा बाप इथल्या जिनिंगमध्ये गाठी बांधत मेला, त्याने पोरीच्या दाखल्यासाठी अर्ज करताच तो संशयित होतो. अर्ज केला नाही तर पोर अवैध राहते. त्याने करायचे काय? कलम 14 स्पष्ट म्हणते, वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारू नये. संसदेने हे लिहिले तेव्हा अशाच बापाचा विचार केला असणार.

गावातला शिक्षक गेला की काय होते, ते मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगितले पाहिजे. अधिकारी म्हणतात, तीन किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे, मुले तिकडे जोडा. असते शाळा, मराठी माध्यमाची. मराठीशी आमचे वैर नाही. असते तर हा लेख आम्ही मराठीत का लिहिला असता? आमच्या मुलांना मराठी यायलाच हवी, आणि ती नीट शिकवायला उर्दू शाळेत मराठीचा शिक्षक हवा अशी आमचीच जुनी मागणी आहे. पण पाच वर्षे उर्दूत गणित शिकलेल्या पोराला सहावीत अचानक नव्या लिपीत, नव्या शब्दांत बसवले, तर ते वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसते आणि पुढच्या जूनला येत नाही. त्याच कायद्याचे कलम 29 सांगते की शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेत असावे. अंतर मोजताना ही भाषा कुणी धरतच नाही. पुढची उर्दू शाळा तालुक्याला, बारा-पंधरा किलोमीटरवर. मुलगा सायकलवर जाईलही. मुलगी जात नाही. तिला घरचे पाठवत नाहीत. त्यात आमच्या लोकांचा दोष आहे, तो आम्ही गावोगाव तोंडावर सांगतो आणि शिव्याही खातो. पण गावात वर्ग होता तेव्हा हेच लोक तिला पाठवत होते! सातवीतली पोर घरी बसली की दोन वर्षांत तिचे काय होते, हे निकाहाचे आमंत्रण घेऊन आम्हालाच कळते.

किलोमीटरचा हा हिशेब शासनाला फारच आवडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच हिशेबाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरिबांच्या पंचवीस टक्के जागांतून सूट दिली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी ती रद्द केली. तेव्हा शासनाचे म्हणणे असे की जवळ सरकारी शाळा आहे ना, मग गरिबाने तिथे जावे. आणि सरकारी शाळेत गेल्यावर म्हणायचे की पट कमी आहे, मास्तर मिळणार नाही. दोन्ही वाक्ये एकाच वर्षी, एकाच खात्याची.

उर्दू शाळांतल्या रिकाम्या जागांचे आणखी एक कारण आहे. त्यावर बोलताना आपलेच लोक घसरतात, म्हणून लिहितो. उर्दू माध्यमाच्या भरतीत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना उर्दूतून शिकलेले उमेदवार मिळत नाहीत आणि जागा वर्षानुवर्षे पडून राहतात. मग काही मंडळी आरक्षणावरच घसरतात. ते आम्हाला मान्य नाही. आरक्षण आमच्या बागवान, खाटीक, मोमीन, पिंजारी भावांनाही मिळाले आहे. ती जागा दलित-आदिवासी उमेदवाराची असेल तर हरकत नाही, पण ती भरेपर्यंत त्या वर्गात कुणीतरी उभे असले पाहिजे. राखीव जागेचा हक्क कायम ठेवून, तोवर पात्र उमेदवार तात्पुरता नेमा, आणि दरम्यान दलित-आदिवासी तरुणांना उर्दूच्या अध्यापक विद्यालयात शिष्यवृत्ती द्या. रिकामी खुर्ची कोणत्याच समाजाच्या कामाची नाही.

शासन आपली चूक दुरुस्त करत नाही असेही नाही. पूर्वी मोफत गणवेश सगळ्या मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा. आमच्या वर्गातल्या गरीब पण कार्ड नसलेल्या मुसलमान मुलाला मिळायचा नाही. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला गणवेश देऊन दुसऱ्याला काय सांगायचे, हे आम्हाला कधी जमले नाही. कितीतरी मास्तरांनी पदरचे पैसे घालून तो प्रश्न मिटवला. 2023-24 पासून राज्याने सगळ्याच मुलांना गणवेश द्यायचे ठरवले. पुढच्या वर्षी त्या योजनेचा घोळ झाला, मापे चुकली, कपडे उशिरा आले; तरीही बाकावरचा तो भेद गेला. बाकावरच्या प्रत्येक मुलाला सारखे धरता येते, हे यावरून दिसते. शिक्षक देतानाही तसेच धरा, एवढेच मागणे आहे.

उलट, केंद्राने 2022 च्या नोव्हेंबरात पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिले की शिक्षण हक्क कायद्याने शिक्षण मोफतच आहे. प्राथमिकच्या मुलाला वर्षाला हजार रुपये मिळायचे. त्यातून चपला आणि दप्तर यायचे. चपला त्या कायद्यात नाहीत.

1882 साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा त्यांनी विचारले होते की पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्यांचे, असे का? अमरावतीच्या मातीत पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली तीही याच रागातून. त्यांची नावे घेऊन इथे भाषणे खूप होतात. आमच्याकडे मुशायरे खूप होतात. उर्दूच्या नजाकतीवर वाहवा करणारा मंडप रात्री दोनपर्यंत भरलेला असतो, आणि सकाळी त्याच गल्लीतल्या उर्दू शाळेची शिक्षकाची जागा गेली हे कुणाला माहीत नसते. आमच्या शायर मित्रांनी रागवावे. पण एक दिवस गावातल्या चार बापांबरोबर आधार केंद्रावर बसून पाहावे.

आमचे म्हणणे खात्याने मानले तर त्यासाठी नवा पैसा फारसा लागणार नाही. संचमान्यता करताना वर्गात बसलेले मूल मोजा. केंद्रप्रमुख, पालकांतला एक आणि ग्रामपंचायतीचा एक, असे तिघे वर्षातून दोनदा न सांगता येऊन मोजतील. खोटे सापडले तर संस्थाचालकाला शिक्षा करा. पण आधार जुळत नाही म्हणून कोणत्याही वर्गाचा शिक्षक काढू नका. जवळची शाळा ठरवताना भाषाही धरा. आणि सहावी-आठवीचा शून्याचा आकडा कायमचा पुसा.

हा मजकूर लिहिताना आमच्या एका वर्गात अजून तीन मुले अवैध आहेत. त्यातल्या एका मुलीला येत्या सोमवारी केंद्रावर बोटांचे ठसे द्यायला बोलावले आहे. कापसाच्या वेचणीने बोटे सोलली आहेत, ठसा उमटत नाही. आधी दोनदा परत पाठवली. सोमवारी गणिताची घटक चाचणी आहे. तिने काल विचारले, "सर, उस दिन मेरी हाजिरी लगेगी क्या?"